होशेयाने मोजलेलं मोल

ताई, ‘देवाला नवरा म्हटलं की पुन्हा धाकच आला’ हे तुमचं म्हणणं मनाला लागलं. आमच्या सोलापुरात चर्चमधल्या लग्नात बायबलमधल्या पौलाच्या इफिसकरांस पत्राचा 5वा अध्याय वाचला जातो, पण पंगतीत लोकांच्या तोंडी 22वं वचनच: बायकोने अधीन राहावं. 25वं कुणी काढत नाही! ख्रिस्ताने मंडळीसाठी, म्हणजे विश्वासणाऱ्यांच्या समुदायासाठी, जीव दिला, तसं नवऱ्याने प्रेम करावं. आणि बायबलमधलं होशेय संदेष्ट्याचं पुस्तक वाचाच; त्यात त्याचं लग्न हे देवाच्या आपल्या लोकांवरच्या प्रेमाचं चित्र आहे. बायको दुसऱ्याकडे गेलेली, तरी तो 15 शेकेल (जुनं वजन) रुपं, म्हणजे चांदी, आणि वर दीड होमर (धान्याचं जुनं माप) जव मोजून तिला परत आणतो. मला तर वाटतं, रुपं पुरलं नाही म्हणून घरातलं धान्य काढलं. धाक घालणारा असं करेल? शिवाय पौल वधूच्या जागी अख्खी मंडळी ठेवतो. त्यात आम्ही पुरुषही आलो.