‘कधी झालं?’ की ‘शेवटचं धड कधी होते?’ : इमर्जन्सीत विचारायचे आपल्याकडचे शब्द

सीमाभागी :
मंडळी, एका कामासाठी शब्द हवेत आणि ते डिक्शनरीत मिळणारे नव्हेत म्हणून इथं विचारतोय. बेळगावातल्या एका इमर्जन्सी डिपार्टमेंटमध्ये लकव्याच्या पेशंटना पोचायला उशीर नेमका कुठं होतो याचा अभ्यास सुरू व्हायचाय, त्यातला नातेवाइकांना विचारायचा मराठी फॉर्म माझ्याकडे आलाय. कन्नड फॉर्म चांगला झालाय, बोलल्यासारखा आहे. मराठी फॉर्ममध्ये चूक काढायला जागा नाही, पण पहिलाच प्रश्न आहे "लक्षणांच्या प्रारंभाची वेळ". रात्री दोनला उचगाव-कडोलीकडनं जीप करून आलेल्या माणसाला हे वाचून दाखवलं तर तो आपल्या तोंडाकडं बघत उभा राहणार, आणि घाबरलेल्या माणसाला असं उभं करणं मला पटत नाही.

प्रश्न किती महत्त्वाचा आहे तेही सांगतो. लकव्यात मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं. पूर्वी 3 तास धरायचे, 2008 च्या एका मोठ्या युरोपियन अभ्यासानंतर साडेचारपर्यंत आले. वेळ टळल्यावर दिलं तर फायदा कमी होत जातो आणि मेंदूत रक्तस्राव व्हायची भीती तशीच राहते. आणि घड्याळ चालू होतं ते माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला तिथनं, घरच्यांनी बघितलं तिथनं नव्हे. रात्री दहाला जेवून बोलून झोपला, सकाळी सहाला तोंड वाकडं, तर दहा धरायचे. आपण "कधी झालं?" विचारतो, ते "सकाळी" म्हणतात, फॉर्मवर सहा लिहिलं जातं. मग उपचाराचंही चुकतं आणि पुढं त्या आकड्यांवर कुणी पेपर लिहिला तर तोही चुकतो. तर हे आपल्या भाषेत कसं विचारायचं सांगा. ‘लकवा’ लिहू की दुसरं काय, तेही.

वडगावचे मास्तर :
लकवा चालेल, कन्नडमध्येही चालतो, मुळात अरबी शब्द, तिकडं तोंड वाकडं होण्याला म्हणायचे. पण आपल्या खेड्यात म्हातारी माणसं ‘वारं गेलं’ म्हणतात, "आण्णांच्या अंगावरनं वारं गेलं". अर्धांगवायूत वायू, कन्नडच्या पार्श्ववायूत वायू, सगळीकडं वाऱ्याचीच कल्पना आहे, जुन्या वैद्यकातनं आलेली. मला वाटतं फॉर्ममध्ये ‘वारं’ घालू नये, त्यानं अंधश्रद्धेला बळ मिळतं. वारं म्हटलं की आधी तेल चोळायला घेतात, मग कुणीतरी कुठल्यातरी गावचं झाडपाल्याचं औषध सांगतं, की सगळे गाडी काढून तिकडं.

खानापूरची सिस्टर :
मास्तर, तुमचं तेल चोळण्याचं अगदी बरोबर आहे, पण शब्द काढून टाकला म्हणून तेल थांबत नाही हो. उलट मी ‘स्ट्रोक’ (लकव्याचं इंग्रजी नाव) विचारलं तर ऊन लागल्याचं सांगतात. ‘वारं गेल्यासारखं झालं काय?’ म्हटलं की लगेच कळतं. फक्त त्याच्या पुढं काय दिसलं ते विचारायचं, तोंड वाकडं झालं काय, हात उचलंना झालाय काय, जीभ जड झाली काय. ही तीन विचारली की नाव काही असू दे. आणि वेळेचं म्हणाल तर मी असं विचारते, "शेवटचं धड कधी बोलले तुमच्याशी? तेव्हा चहा घेतला होता काय, जेवले होते काय?" घड्याळ विचारलं की अंदाज ठोकतात, जेवण विचारलं की खरं आठवतं. दुसरं म्हणजे ‘मगाशी’ हा शब्द फॉर्मवर कधीच तसाच घेऊ नका, आपल्याकडं मगाशी म्हणजे दहा मिनिटंही आणि दुपारधरनंही. ‘आत्ताच’ तर त्याहून फसवा, उशीर केला म्हणून कुणी बोलेल या भीतीनं अंगावर काढलेली माणसंसुद्धा आत्ताच म्हणतात. त्यांना आधी सांगायचं की कुणी रागावणार नाही, औषध ठरवायला वेळ पाहिजे. मग खरी वेळ बाहेर येते.

सीमाभागी :
सिस्टर, हे सोनं आहे. जेवणाचा प्रश्न फॉर्मात घालतोच, टीव्हीवर काय लागलं होतं, दूध घालायला डेअरीत गेले होते का, असलेही पर्याय ठेवतो. आणि ‘अंगावर काढणं’ हा शब्द उशिराच्या भागात पाहिजेच, मूळ फॉर्ममध्ये तिथं "रुग्णालयपूर्व विलंब" आहे.

निपाणी साइड :
मी ॲम्ब्युलन्सवर होतो, हायवेचे ॲक्सिडेंट, तवंदी घाटातले लई बघितलेत. माझी तक्रार ‘गोल्डन अवर’बद्दल आहे. हा शब्द अमेरिकेतल्या बाल्टिमोरचे सर्जन आर ॲडम्स काउली यांनी गाजवला आणि आपल्या मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीत तो व्याख्येसकट आला, अपघातानंतरचा एक तास. शब्द चांगला, लोकं पळायला लागली, जखमीला उचलायला घाबरत होती ती कमी घाबरतात. पण आता असं ऐकायला मिळतं की "तास तर होऊन गेला, आता काय उपयोग", आणि मग गाडी सावकाश. हे वाईट आहे. एक तासाला काटेकोर पुरावा आहे काय हे 2001 मध्ये अमेरिकेतल्याच दोघांनी शोधून बघितलं, भक्कम काही सापडलं नाही. रक्तस्राव कमी करायचं ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड घ्या, त्याच्या 2010 च्या अभ्यासात 40 देशांतले वीस हजारांवर जखमी होते, आपल्या देशातलेही, त्यात दिसलं की लवकर दिलं तेवढं बरं आणि 3 तासांनंतर उलट तोटा. लकव्याला साडेचार. म्हणजे प्रत्येक दुखण्याचं घड्याळ वेगळं. मराठीत ‘सुवर्णतास’ वगैरे करण्यापेक्षा ‘जेवढं लवकर तेवढं बरं, पण उशीर झाला म्हणून थांबू नका’ असं सरळ लिहा की.

वडगावचे मास्तर :
‘सुवर्णकाळ’ तर नकोच, त्याचा अर्थच निराळा. बरं, ‘इमर्जन्सी’ला काय लिहिणार? कन्नड बोर्डावर ‘तुर्तु चिकित्सा घटक’ असतं. आपला ‘तूर्त’ आणि त्यांचा ‘तुर्तु’ एकाच घरातले, संस्कृत त्वर् धातू, घाई करणे. आपल्याकडं त्याचा अर्थ घसरत घसरत ‘सध्यापुरतं’ झाला, "तूर्त एवढं घ्या". त्यामुळं मराठी शाळेत शिकून आलेला पोरगा तो बोर्ड वाचून तात्पुरत्या उपचाराची खोली समजू शकतो. आणीबाणी म्हणावं तर 1975 आठवतं, आपत्कालीन म्हणावं तर पूर. तातडीचा विभाग म्हणा.

खानापूरची सिस्टर :
बोर्डावर तातडीचा विभाग लिहा, बोलताना इमर्जन्सीच म्हणा, म्हाताऱ्या माणसांना अजून ‘कॅज्युअल्टी’ कळतं. बोर्डाखाली एक ओळ मात्र हवी, आमच्याकडं रोजची भांडणं त्यावरनंच होतात, "आम्ही आधी आलोय, त्यांना कसं आत घेतलं?" ट्रायाज म्हणजे आधी कुणाला बघायचं ते ठरवणं, नेपोलियनच्या सैन्यातल्या लारे नावाच्या सर्जननं रणांगणावर हेच केलं, हुद्दा बघितला नाही, जखम बघितली. आपण लिहायचं, "इथं नंबर लागत नाही, ज्याच्या जिवाला जास्त धोका त्याला आधी घेतात." वर्गवारी, प्राधान्यक्रम काही नको.

निपाणी साइड :
अजून दोन शब्द घाला, जीव जातो असल्या शब्दांनी. एक ‘औषध’. "पोरानं औषध घेतलंय" म्हणतात, बाहेरनं आलेला नवीन डॉक्टर गोळीचं नाव विचारत बसतो. आपल्याकडं फवारणीचंही औषधच. त्यात किडीचं की तणाचं हे विचारायलाच पाहिजे, बऱ्याच कीटकनाशकांवर ॲट्रोपिन चालतं, पण काही तणनाशकं, पॅराक्वाटसारखी, त्यांच्यावर उताराच नाही आणि त्यात उगाच ऑक्सिजन लावला तर फुप्फुसाचं आणखी नुकसान. म्हणून फोनवरच सांगायचं, डबा घेऊन या, लेबल असलेला. दुसरा शब्द ‘पान लागलं’. साप चावला असं थेट म्हणत नाहीत जुनी माणसं, अजूनही. त्या शब्दाचा अर्थ माहीत नसलेला माणूस पान खाऊन चक्कर आली असं लिहून घेतो, हे ऐकलंय मी.

खानापूरची सिस्टर :
पान लागलंवर माझं एक. मण्यार चावते ती बहुतेक रात्री, जमिनीवर झोपलेल्याला, जखम धड दिसत नाही, दुखत नाही. पहाटे पोटात दुखतंय, गिळायला येईना, पापण्या जड, एवढंच सांगत येतात. त्यामुळं ऊसतोडीच्या दिवसांत "रात्री खाली झोपला होता काय?" हा प्रश्न मी पोटदुखीवाल्याला पण विचारते. आपल्याकडचं सापाच्या विषावरचं औषध नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर चालतं. घोणसाला कन्नडमध्ये कोळकु मंडल म्हणतात, कन्नड शेजारी तेच नाव सांगतो, दोन्ही नावं फॉर्मात असू देत. आणि साप मारून आणू नका हेही लिहा, त्यात दुसराच चावून घेतो.

वडगावचे मास्तर :
‘हार्ट फेल’ विसरलात. आपल्याकडं "हार्ट फेल झालं" म्हणजे माणूस गेला. डॉक्टर म्हणतात "हार्ट फेल्युअर आहे, औषधानं सुधारेल", तोवर बाईमाणसांनी रडायला सुरुवात केलेली असते. ‘हृदय पंप कमी करतंय’ असं म्हणावं.

सीमाभागी :
खरंय, आणि तसंच ‘शॉक’. डॉक्टर म्हणतात पेशंट शॉकमध्ये आहे, म्हणजे अंगात रक्ताभिसरण पुरेसं होत नाही, जिवाला धोका. घरचे समजतात करंट लागला नाहीतर धक्का बसला. तिथं ‘बीपी फार खाली गेलंय, अवयवांना रक्त पोचेना’ लिहितो.

आता शेवटचं आणि मला सगळ्यात अवघड वाटतं ते. संमती. अभ्यासात घेतोय हे सांगायचंय आणि पेशंट बेशुद्ध आहे, मुलगा बावीस वर्षांचा, थरथरतोय. ‘प्रयोग’ म्हटलं की तो म्हणणार आमच्या बापावर प्रयोग करायलेत. ‘अभ्यास’ म्हटलं तर त्याला नुसतं कागद भरणं वाटणार, आणि जिथं खरंच नवीन औषध द्यायचंय तिथं हा शब्द म्हणजे अर्धं लपवणं झालं. आमच्या या कामात नुसती माहिती घ्यायचीय म्हणून ‘अभ्यास’ बसतो, पण हाच फॉर्म उद्या औषधाच्या ट्रायलला नमुना म्हणून जाईल.

खानापूरची सिस्टर :
मग नावच ठेवू नका, काय करणार ते सांगा. "तुम्ही हो म्हटलं नाही तरी उपचार तेच आणि तेवढेच मिळतील" ही ओळ सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात. माणसाचं मन त्या ओळीवर थांबतं. आणि ‘सही करा’ म्हणू नका, ऑपरेशनची सही, डिस्चार्जची सही, सगळं एकच वाटतं त्यांना. पेशंट शुद्धीवर आला की त्यालाही विचारायचं, आयसीएमआरच्या (वैद्यकीय संशोधनाची आपली सरकारी संस्था) 2017 च्या नियमांत हेच आहे, मुलानं हो म्हटलेलं बापाला नको असेल तर तो नाही म्हणू शकतो, हे मुलालाच आधी सांगून ठेवा.

सीमाभागी :
ठरलं. पहिला प्रश्न असा करतोय, "वारं गेल्यासारखं (लकवा) दिसायच्या आधी, शेवटचं धड कधी बोलले-चालले? तेव्हा घरात काय चाललं होतं?" आणि खाली दोन रकाने, ‘शेवटचं धड’ आणि ‘पहिल्यांदा दिसलं’, वेगवेगळे, म्हणजे भरणाऱ्याला एकात दुसरं घालता येणार नाही. चंदगड आणि हुक्केरीकडची माणसं असाल तर फेफरं, फिट, झटका, घेरी यात तुमच्याकडं काय फरक करतात ते लिहा, तो भाग अजून मोकळा आहे.