तणनाशक मारलं अन् रात्रीच पाऊस, विहिरीत उतरन काय?

कपाशीवाला: भाऊ कपाशी लावल्यावर पेंडीमेथालिन मारलं अन् रात्रीच धो धो पाऊस, वावर नाल्याले लागून हाय, विहीर खालच्या धुऱ्यावर, आता हे औषध पाझरून विहिरीत जाईन काय? प्यायचं पाणी तिथलंच हाय

काळी_माती: खाली लय जात नाही ते. लिटरभर पाण्यात 1 मिलिग्रॅमही विरघळत नाही, म्हणून पाणी सोडून मातीतल्या कुजलेल्या काडीकचऱ्याले चिकटते अन् वरच्यावरच रायते. पण गढूळ पाण्यासोबत माती वाहून गेली का मातीवर बसून तेही नाल्यात, मंग गाळात. तुह्या विहिरीपेक्षा नाल्याची काळजी जास्त.

धुरकरी: अन् ग्लायफोसेट तणनाशक? ते तं पाण्यात मस्त विरघळते

काळी_माती: तरीबी अडकते, त्याचा फॉस्फरसवाला भाग मातीतल्या लोह-अॅल्युमिनियमले धरते. फॉस्फेटलेही तीच जागा लागते, म्हणून डीएपी खत लय झालं तर थोडं सुटू शकते.

तुरीवाला: भ्याचं असन तं मोनोक्रोटोफॉस या कीटकनाशकाले भ्या. पाण्यात पूर्ण मिसळते, मातीले जवळपास धरतच नाही. अन् आपली जमीन म्हणजे उन्हाळ्यात हात जाईन एवढ्या भेगा, पहिला पाऊस त्यातूनच सरळ खाली, मातीशी गाठच पडत नाही तं चिकटन कोठून? फवारणीचा पंप विहिरीजवळ धुवू नको फक्त.

कपाशीवाला: बरं, अन् नाल्याचा गाळ वावरात टाकाचा होता

काळी_माती: टाक, पण नाल्याच्या वरच्या अंगाले कोणाची वावरं येतात, त्यायनं काय मारलं ते पाह्य आधी.