'एअरवे इन्फ्लमेशन' : शोथ, दाह की सूज?

सोलापुरातल्या यंत्रमाग कामगारांसाठी दम्यावर एक पानी पत्रक लिहितेय. 'एअरवे इन्फ्लमेशन'ला काय म्हणावं? आणि 'सायटोकाइन'ला?

— 'शोथ' लिहा. यकृतशोथ, संधिशोथ हे शब्द रूढ आहेतच.

— शोथ पुस्तकात शोभतो, शहराच्या पूर्व भागातल्या यंत्रमाग कारखान्यात नाही. 'दाह' तर नकोच ताई. दाह म्हटलं की जळजळ डोळ्यांसमोर येते; दम्यात छाती आवळते, घरघरते. सरळ 'श्वासनलिकांना आतून आलेली सूज' लिहा.

पण ही सूज येते कशी, तेही सांगाच. धूलिकण किंवा परागकणांचा त्रास झाला की श्वासनलिकेच्या अस्तरातल्या पेशी टीएसएलपी, इंटरल्यूकिन-३३ असे सायटोकाइन, म्हणजे निरोप देणारे रेणू, सोडतात. त्यावरून टी-पेशी या रोगप्रतिकारक पेशी इंटरल्यूकिन-४, ५ आणि १३ तयार करतात. ४ मुळे अ‍ॅलर्जीची आयजीई प्रतिपिंडं बनू लागतात, ५ मुळे इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी वाढतात, १३ मुळे चिकट कफ साचतो. पंपातलं स्टेरॉइड ही साखळी दाबतं. सूज दिसत नाही, म्हणून लोक बरं वाटलं की पंप सोडून देतात. मला याचंच फार वाईट वाटतं.

— आणि कापसाची धूळ?

— ते प्रकरण वेगळं. सूतगिरणीत, विशेषतः पिंजण खात्यात, सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती जास्त आवळते, तो बिसिनोसिस, कापसाच्या धुळीचा फुप्फुसविकार. कापसावरच्या जिवाणूंचं एंडोटॉक्सिन हे विष भक्षकपेशींना चेतवतं, त्या टीएनएफ आणि इंटरल्यूकिन-८ हे सायटोकाइन सोडतात आणि न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी गोळा होतात. तिथे खरा उपाय म्हणजे धूळ कमी करणं. म्हणून 'अ‍ॅलर्जीची सूज' आणि 'कापसाच्या धुळीची सूज' असं वेगवेगळं लिहा.

सायटोकाइन हा शब्द तसाच राहू द्या, पहिल्यांदा येईल तिथे 'पेशींनी एकमेकींना धाडलेला रासायनिक निरोप' असं जोडा. 'घातक रसायन' मुळीच नको. कोरोनात 'सायटोकाइन वादळ' कानावर पडल्यापासून लोक या नावालाच घाबरतात. १९५७ साली सापडलेलं इंटरफेरॉनही सायटोकाइनच, आणि ते विषाणूची वाढ रोखतं.

— पत्रक तेलुगूतही काढा, पूर्व भागात बरेच जण घरी तेच बोलतात.

— काढते. मराठी वाक्य असं : 'दम लागत नसला तरी आतली सूज असू शकते, डॉक्टरांनी रोज सांगितलेला पंप विचारल्याशिवाय बंद करू नका.'

— 'रोज सांगितलेला' नको, 'सांगितलेला रोजचा पंप' करा. बाकी छापायला द्या.