मीटरचा डिस्प्ले उन्हात गायब होतो: स्वतः खोलू की दुरुस्तीला देऊ? (नाशिक)

नमस्कार मंडळी,

गाडीच्या मीटरबद्दल सल्ला हवा आहे. हे काम ज्यांनी स्वतः केलंय किंवा कुणाकडून करून घेतलंय, त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

गाडी बाबांची, जुनी डिझेल हॅचबॅक. इंजिन ठणठणीत आहे, त्यामुळे विकायचा विचार नाही. मी रोज इंदिरानगरहून सिन्नरच्या माळेगाव एमआयडीसीत जाते. कंपनीत शेड नाही, गाडी दिवसभर उन्हात तापते. सकाळी निघताना मीटरच्या मधला छोटा पडदा स्वच्छ दिसतो. संध्याकाळी चावी फिरवली की आकड्यांचे दांडे उडालेले असतात. आठाचा मधला आडवा दांडा गेला की त्याचं शून्य होतं, मग किलोमीटरचा आकडा भलताच वाचला जातो. एसी लावून शिंदे टोलनाक्यापर्यंत आलं की त्यातले काही दांडे परत येतात. काचेखालच्या प्लास्टिकवर अंगठा दाबून धरला तर एक अख्खी ओळ उमटते, अंगठा काढला की जाते.

स्पीडचा आणि आरपीएमचा काटा व्यवस्थित चालतो, वॉर्निंगचे दिवेही लागतात. पण डिझेल किती उरलंय ते फक्त याच पडद्यावर दिसतं. ट्रिपमीटरही तिथेच, म्हणजे टाकी फुल करून किलोमीटर मोजायची सोयही गेली. आईबाबांना घेऊन कसारा घाटातून जाताना डिझेलचा अंदाज बांधत बसायची माझी तयारी नाही.

मी तपासलेलं असं: गाडी बंद असताना बॅटरी १२.६ व्होल्ट, सुरू असताना १४ च्या थोडं वर. फ्यूज ठीक. डिमरचं चाक पूर्ण वर. ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती वाचणारं यंत्र) लावला तर मोबाइलवर वेग आणि आरपीएम बरोबर येतात. म्हणजे दोष मीटरच्या आतच आहे, असं मला वाटतं.

सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात अख्खं मीटर बदला, पंचवीस हजारांच्या आसपास. दुरुस्ती होते का विचारलं तर 'आमच्याकडे तो प्रकार नाही'. द्वारकेजवळचे एक वायरमन काका म्हणाले, 'आतली पट्टी सुटलीय, गरम करून बसवून देतो'. कशाने गरम करणार, ते मात्र सांगेनात.

माझं रोजचं काम सर्किट बोर्ड असेंब्लीचं. घरी तापमान सेट करता येणारं सोल्डरिंग स्टेशन आहे, मनगटाला लावायचा अर्थिंगचा पट्टाही आहे. बोर्डाची भीती नाही. भीती वाटते ती काट्यांची, कारण पडद्यापर्यंत पोचायला ते काढावे लागतील असं दिसतंय. शिवाय किलोमीटरचा आकडा किंवा चावीची ओळख (आपलीच चावी आहे हे गाडीला कळतं ती नोंद) पुसली गेली तर? कुठपर्यंत स्वतः करावं आणि कुठे थांबावं?

प्रतिसाद

ताई, तपासणी पद्धतशीर केली आहे आणि निदान बरोबर वाटतंय. सप्लाय किंवा अर्थिंगचा दोष असता तर काटे आणि दिवेही अधूनमधून गेले असते. तापल्यावर दांडे जाणं आणि दाबल्यावर येणं, ही पडदा आणि बोर्ड यांच्यातला जोड सैल झाल्याची खूण.

मीटर उतरवायचं काम तुम्ही करू शकता. आधी किलोमीटरचा स्पष्ट फोटो काढा. बॅटरीची निगेटिव्ह तार काढून दहा मिनिटं थांबा, कारण स्टिअरिंगमध्ये एअरबॅग आहे. पिवळ्या कनेक्टरला हात लावू नका. मीटर सुटलेलं असताना चावी ऑन करू नका, नाहीतर एअरबॅगचा दिवा लागून बसतो आणि तो स्कॅनरनेच काढावा लागतो. बॅटरी काढल्याने किलोमीटर जात नाहीत, ते ईईप्रॉम चिपमध्ये (वीज गेली तरी नोंद टिकवणारी चिप) असतात. फार तर घड्याळ शून्यावर येईल.

मागचं कव्हर काढून जोड कोणता आहे ते बघा. पडदा आणि बोर्डामध्ये रबराची काळी-पांढरी पट्टी दाबून बसवलेली असेल, तर ती झेब्रा पट्टी. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पट्टी आणि बोर्डावरचे पॅड पुसून परत नीट दाबून बसवा, बहुतेक तेवढ्यात काम होईल. पण पातळ रिबन (चपटी लवचिक केबल) काचेला चिकटवलेली असेल तर थांबा. तिथे सोल्डर नसतं, उष्णतेने चिकटणारा गोंद असतो. उष्णता आणि दाब रुंदीभर सारखा लागतो आणि त्यासाठी हॉट बार मशीन असतं. साध्या सोल्डर गनने रिबन वितळते किंवा पडद्यावर कायमचा काळा डाग पडतो. तुमचा हात सोल्डरिंगला कितीही बसलेला असला तरी हे काम वेगळं आहे.

प्रतिसाद

काट्यांबद्दल लिहितो. खाली बारीक स्टेपर मोटर असते. चमच्याने उचकटून काटा काढला की मोटरचा दांडा वाकतो, आणि परत बसवताना जरा सरकला तरी ८० चा वेग ७० दिसतो. ज्याला रिबन द्याल त्यालाच काटे काढू द्या, आणि घेताना ओबीडी लावून वेग जुळतो का ते पाहा.

आणि जुन्या बाजारातलं दुसरं मीटर स्वस्त मिळतंय म्हणून आणू नका. त्यावर दुसऱ्याच गाडीचे किलोमीटर असतात. शिवाय फोक्सवॅगन, स्कोडाच्या बऱ्याच गाड्यांत चावीची ओळख मीटरमध्येच असते. तिथे परकं मीटर लावलं की इंजिन सुरू होऊन लगेच बंद पडतं. तुमचाच बोर्ड आणि तुमचाच आकडा कायम ठेवणारा माणूस शोधा. 'किलोमीटर कमी करून देऊ का' असं कुणी विचारलं तर मीटर उचलून घरी या.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. काट्यांचा मुद्दा वाचून बरं वाटलं, माझी शंका रास्त होती. येत्या रविवारी सकाळी, गाडी तापायच्या आत, मीटर उतरवते आणि मागून जोड बघते. झेब्रा निघाली तर स्वतः साफ करेन. रिबन असेल तर काटे न काढता कव्हर बंद करून दुरुस्तीला देईन. वायरमन काकांनाही हॉट बार आहे का, ते सरळ विचारते. नसेल तर त्यांच्याकडे नाही.

आता एकच विनंती. सातपूर, अंबड किंवा नाशिकरोड भागात हॉट बारने रिबन बसवून देणारं कुणी माहीत असेल आणि तुम्ही स्वतः काम करून घेतलं असेल, तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. काम किती दिवस टिकलंय आणि उन्हाळा पार पडला का, तेही लिहा. पावसाळ्यात करून घेतलेल्या कामावरून मला काहीच कळणार नाही.