मदत हवी आहे: मुंबईच्या प्लेगचा आलेख आणि एसआयआर मॉडेल

नमस्कार मंडळी. एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी करमॅक-मॅकेंड्रिक यांचा एसआयआर मॉडेलवरचा (लोकांचे बाधा होऊ शकणारे, बाधित आणि बरे झालेले वा मेलेले असे तीन गट धरून साथ मांडणारं गणित) १९२७ चा पेपर घेतलाय. त्यांनी १९०५-०६ च्या मुंबईतल्या प्लेगच्या साप्ताहिक मृत्यूंवर घंटेच्या आकाराचा वक्र बसवला होता: ८९० गुणिले हायपरबोलिक सीकँटचा वर्ग, कंसात ०.२ट − ३.४ (ट म्हणजे आठवडे). सतराव्या आठवड्यात शिखर, एकूण मृत्यू ८,९०० च्या आसपास. आकड्यांवर चपखल बसतो.

घोडं अडलंय ते पुढे. सुरुवातीची वाढ आठवड्याला ०.४ येते. बाधा होऊ शकणारे लोक म्हणून अख्खं शहर, म्हणजे साडेनऊ लाखांहून जास्त माणसं धरली, तर आर-नॉट (सुरुवातीला एका रुग्णामुळे सरासरी किती जणांना बाधा होते तो आकडा) १.००५ च्या जवळ येतो आणि रुग्ण संसर्गजन्य राहण्याचा काळ जेमतेम दोन तास! प्लेगला हे कसं शोभेल?

मग बाधा होऊ शकणाऱ्यांची संख्या किती धरायची? वक्रावरून ती एकटी सुटत नाही, बीटा (संसर्गाचा दर) आणि गॅमा (बरं होण्याचा वा मरण्याचा दर) यांच्याबरोबर गुंतलेली आहे. शिवाय प्लेग पसरवतात उंदरांवरच्या पिसवा, त्यांचा हंगाम वेगळा, आणि मॉडेलमध्ये बिचारे उंदीर कुठेच नाहीत. उंदरांसाठी वेगळी समीकरणं मांडावीत, की बीटाच ऋतूप्रमाणे बदलता ठेवावा? पायथॉनमध्ये हे कुणी केलं असेल तर कृपया सांगा. गाईड म्हणतात, 'वक्र जुळला ना, मग लिहून टाक.' मला ते पटत नाही.