कानाचं मशीन पावसाळ्यात बंद पडतं, शिट्टीही वाजते

सिडकोकर: वडिलांचं कानामागचं मशीन आहे, १३ नंबरचा सेल. नाशिकचा पाऊस लागला की आवाज मध्येच जातो. जेवताना शिट्टी वाजते ती वेगळीच. नवीन घ्यावं का?

पंचवटी_ऑडिओ: थांबा, आधी मशीनपासून कानापर्यंत जाणारी नळी उजेडात धरून बघा. आत पाण्याचा थेंब दिसेल, तोच आवाज अडवतो. नळीसकट मोल्ड, म्हणजे कानात बसणारा साचा, हुकपासून (मशीनच्या वरच्या वाकड्या टोकापासून) सोडवा आणि रबरी फुग्याने हवा मारून थेंब उडवा. मोल्ड कोमट साबणपाण्यात धुवा. मशीनला मात्र पाणी अजिबात नको. रात्री सेलचं झाकण उघडं ठेवून मशीन ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या डबीत ठेवा. नळी पिवळी, कडक झाली असेल तर बदलाच.

मेरीकर: सेलचं नारिंगी स्टिकर काढल्यावर मिनिटभर थांबून मग बसवा, हवा आत गेल्याशिवाय पूर्ण ताकद येत नाही. स्टिकर परत चिकटवून सेल वाचत नाही.

पंचवटी_ऑडिओ: शिट्टीचं म्हणाल तर, चावताना जबडा हलतो. मोल्ड सैल असेल तर आवाज फटीतून निसटून माइकमध्ये शिरतो. कानात मळ साठला तरी तेच. कृपा करून आवाज कमी करून दिवस काढू नका, त्यांना बोलणंच कळेनासं होईल. आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून मळ काढून घ्या, मग मोल्डचं नवं माप.