३५ हजारांत घरचा संगणक : आपल्याकडचा उन्हाळा आणि वीज पाहता पैसे नेमके कशावर खर्च करावेत?

बोरीकाठ (अमळनेर तालुका)

नमस्कार. आमच्या घरातील जुना संगणक गेल्या वैशाखात बंद पडला. भर दुपारी वीज गेली, दहा मिनिटांनी आली, लगेच पुन्हा गेली आणि त्यानंतर तो सुरूच झाला नाही. दुरुस्ती करणाऱ्या दादांनी एसएमपीएस (संगणकाच्या भागांना वीज पुरवणारा आतला डबा) उघडून दाखवला, तेव्हा आतील दोन कपॅसिटर माथ्यावर फुगलेले आणि त्यांतून तपकिरी चिकट पाझर आलेला मी डोळ्यांनी पाहिला. मदरबोर्डही त्याच्याबरोबर गेला होता. हार्ड डिस्क वाचली, पण तिच्यात बॅड सेक्टर, म्हणजे खराब झालेले भाग, असल्याचे कळले.

आता नवा संगणक जुळवून घ्यायचा आहे. मुलगी बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला आहे, त्यामुळे टॅली, एक्सेल आणि ऑनलाइन तासिका हा मुख्य वापर राहील. मी शेतीचा हिशेब, सातबारा, पीकविम्याचे अर्ज आणि मराठी टायपिंग यांसाठी तो वापरीन. गेम कोणी खेळत नाही. कीबोर्ड आणि माऊस जुनेच चालतील, मात्र मॉनिटर धरून ३५,००० रुपयांच्या वर जाणे यंदा शक्य नाही, कारण कपाशीचा पैसा हाती आला तो बहुतेक खर्ची पडला आहे.

एका दुकानातून ३३,५०० रुपयांचे कोटेशन मिळाले आहे. त्यात कोअर आय५, एच६१ बोर्ड, १६ जीबी रॅम, १ टीबी हार्ड डिस्क, २ जीबीचे ग्राफिक्स कार्ड, एसएमपीएससह कॅबिनेट आणि १९ इंची मॉनिटर असे लिहिले आहे. आय५ कोणत्या पिढीचा, असे विचारले तेव्हा स्पष्ट उत्तर मिळाले नाही. हे घ्यावे का? आणि मागच्यासारखी पाळी पुन्हा येऊ नये म्हणून काय करावे?

वाघूर (भुसावळ)

ताई, हे कोटेशन कृपया स्वीकारू नका. मी वीस वर्षे संगणक दुरुस्तीचे काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एच६१ हा चिपसेट (मदरबोर्डवरची मुख्य नियंत्रक चिप) २०११ सालचा आहे. त्यावर दुसऱ्या किंवा तिसऱ्या पिढीचाच प्रोसेसर बसतो, म्हणजे तुम्हाला मिळणारा आय५ फार तर २०१२ च्या सुमाराचा असेल. आय५ हे नाव गेली अनेक वर्षे चालत आले आहे. त्याची खरी ओळख पुढच्या आकड्यावरून पटते. आय५-३४७० मधला ३ तिसरी पिढी सांगतो आणि आय३-१२१०० मधले १२ बारावी पिढी सांगतात. हा बारावीचा आय३ त्या तिसऱ्या पिढीच्या आय५ पेक्षा कामाला कितीतरी वेगवान आहे. शिवाय विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ ला इंटेलची किमान आठवी पिढी व टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते. तुमच्या कोटेशनमधील यंत्र नवे म्हणून घरी आले, तरी त्या दृष्टीने पहिल्याच दिवशी कालबाह्य असेल.

२ जीबीचे ग्राफिक्स कार्डही नको. या भावात मिळते ते बहुधा जुने, दुबळे कार्ड असते, आणि आजच्या प्रोसेसरमध्ये अंगभूत असलेले ग्राफिक्स त्यापेक्षा सरस ठरते. आय३-१२१०० सोबत एच६१० चिपसेटचा, डीडीआर४ प्रकारची रॅम घेणारा बोर्ड घ्या, किंवा रायझेन ५ ५६००जी आणि त्याला चालणारा एएम४ बोर्ड घ्या. पहिल्यात ४ कोअर आहेत, दुसऱ्यात ६. टॅली आणि एक्सेलला पहिला भरपूर पुरतो. एक गोष्ट मात्र डोळ्यांत तेल घालून पाहा : इंटेलच्या क्रमांकाच्या शेवटी एफ असेल, उदाहरणार्थ आय३-१२१००एफ, तर त्यात अंगभूत ग्राफिक्स नसते आणि वेगळ्या कार्डाशिवाय पडद्यावर काहीच दिसत नाही. थोडे पैसे वाचतात म्हणून लोक तो घेतात आणि मग माझ्याकडे येतात.

रॅम सध्या ८ जीबीची एकच पट्टी घ्या आणि बोर्डावरचा दुसरा स्लॉट मोकळा ठेवा. अंगभूत ग्राफिक्स ही रॅमच वापरते, म्हणून पुढे तशीच दुसरी पट्टी लावली की रॅमकडे जाणाऱ्या दोन्ही वाटा (चॅनेल) एकदम चालू होतात आणि फरक जाणवतो. रॅमचे भाव फार वरखाली होतात, त्यामुळे ही खरेदी थांबवता येण्यासारखी आहे. हार्ड डिस्कऐवजी ५०० जीबीची एसएसडी घ्या. एसएसडीत फिरणारी तबकडी नसल्याने अचानक वीज गेल्यावर तबकडीला ओरखडा पडण्याचा प्रश्न राहत नाही, आणि यंत्र मिनिटाच्या आत सुरू होते.

आता मुख्य मुद्दा. तुमचे आधीचे यंत्र प्रोसेसर जुना झाला म्हणून गेले नाही, ते विजेने गेले. आपल्याकडे घरचा संगणक जुळवताना एसएमपीएस आणि युपीएस (वीज गेल्यावर बॅटरीवर संगणक चालू ठेवणारे यंत्र) यांचे पैसे आधी बाजूला काढावेत आणि उरलेल्यातून प्रोसेसर निवडावा, असे मी प्रत्येकाला सांगतो. कॅबिनेटबरोबर येणारा एसएमपीएस ४५० वॅटचा म्हणवतो, पण हातात घेतला तर वजनालाच हलका लागतो. तुमच्या यंत्राला एरवी मॉनिटर धरून शंभर वॅटही लागणार नाहीत, तेव्हा मोठ्या आकड्याची गरजच नाही. गरज आहे ती ८० प्लस (वीज कमी वाया घालवण्याचे प्रमाणपत्र) असलेल्या, नामांकित कंपनीच्या एसएमपीएसची. त्याच्या लेबलवर इनपुट १००–२४० व्होल्ट असे लिहिलेले पाहा. काहींवर २००–२४० असते. संध्याकाळी शेतपंपांच्या मोटारी सुरू झाल्या की गावात विजेचा दाब (व्होल्टेज) १७० पर्यंत उतरतो, त्या वेळी हा फरक कळतो.

लळिंग (धुळे)

वाघूरभाऊंचे विजेबद्दलचे म्हणणे पूर्णपणे पटते, पण यंत्राबाबत मला वेगळा पर्याय सुचवावासा वाटतो. मोठ्या कंपन्यांच्या कार्यालयांतून निघालेले डेल ऑप्टिप्लेक्स, एचपी प्रोडेस्क किंवा लेनोवो थिंकसेंटर या प्रकारचे डेस्कटॉप तपासून, साफ करून पुन्हा विकले जातात. त्यात आठव्या पिढीचा आय५-८५००, म्हणजे ६ कोअरचा प्रोसेसर मिळाला, तर विंडोज ११ रीतसर चालते. मी स्वतः असे यंत्र ३ वर्षांपूर्वी घेतले आणि त्यावर रोज प्रश्नपत्रिका, गुणपत्रके आणि ऑनलाइन व्याख्याने अशी कामे करतो. नव्या जुळणीपेक्षा ते बरेच स्वस्त पडते आणि वाचलेल्या पैशांत २२ इंची फुल एचडी मॉनिटर घेता येतो. तासन्‌तास एक्सेलच्या चौकटी वाचणाऱ्या मुलीच्या डोळ्यांसाठी १९ इंचीपेक्षा तो नक्कीच बरा, आणि त्यातही पॅनेल आयपीएस प्रकारचे (बाजूने पाहिले तरी चित्र स्पष्ट दिसणारे) असल्याची खात्री करून घ्यावी.

याची एक उणी बाजू प्रामाणिकपणे सांगतो. या यंत्रांचा एसएमपीएस त्या-त्या कंपनीच्या खास आकाराचा असतो, त्यामुळे तो गेला तर बाजारात सहज मिळणारा सर्वसाधारण एसएमपीएस त्यात बसत नाही.

वाघूर (भुसावळ)

लळिंग सर, तुमचा पर्याय शहरात चांगला आहे. मीही काहींना तसे यंत्र दिले आहे. पण शेवटी तुम्ही लिहिलेली उणीवच ताईंच्या बाबतीत निर्णायक आहे, असे मला वाटते. वीज खराब असलेल्या गावात सर्वांत आधी जातो तो एसएमपीएसच. सर्वसाधारण आकाराचा असेल तर अमळनेरला किंवा जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये त्याच दिवशी दुसरा मिळेल. खास आकाराचा असेल तर मागवून घेईपर्यंत मुलीची परीक्षा निघून जाईल.

गोमाई (शहादा तालुका)

ताई, घरी इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागच्या बाजूचे बटण पाहा. बहुतेक घरगुती इन्व्हर्टरला युपीएस आणि साधा असे दोन मोड असतात. साध्या मोडमध्ये वीज गेल्यावर बॅटरीवर जायला इतका वेळ लागतो की संगणक बंद पडून पुन्हा सुरू होतो. युपीएस मोडमध्ये तो तरतो, पण त्या मोडला साधारण १८० व्होल्टच्या खालचा दाब चालत नाही. आमच्या गावी याच कारणाने इन्व्हर्टर संध्याकाळभर बॅटरीच ओढत राही आणि रात्री खरोखर वीज गेली की पंख्याला काही उरत नसे. म्हणून संगणकाला ६०० व्हीएचा वेगळा, लाइन-इंटरॅक्टिव्ह युपीएस घ्या. कमी-जास्त दाब तो स्वतः सावरतो, आणि फाइल सेव्ह करून यंत्र नीट बंद करण्यापुरती दहा-पंधरा मिनिटे आरामात देतो. त्यातील बॅटरी उष्णतेने लवकर मरते. खोलीचे तापमान २५ अंशांवरून साधारण १० अंशांनी वाढले की तिचे आयुष्य निम्म्यावर येते, असा हिशेब धरतात. आपल्याकडे पारा ४५ च्या घरात जातो, त्यामुळे युपीएस खिडकीखाली किंवा पत्र्याच्या भिंतीला लावून ठेवू नये आणि दोन-अडीच वर्षांनी बॅटरी बदलण्याची तयारी ठेवावी.

दुसरे, कूलरबद्दल. उन्हाळ्यात घरोघरी वाळ्याचा कूलर चालतो आणि सगळ्यांनाच वाटते की त्याचा झोत संगणकावर गेला म्हणजे तो थंड राहील. माझ्या कॅबिनेटचे झाकण मी दोन वर्षांनी काढले, तेव्हा प्रोसेसरच्या पंख्याखालील पट्ट्यांवर काळ्या मातीची धूळ आणि कापसाची तूस ओलाव्याने चिकटून अक्षरशः गिलावा झाला होता. तो ब्लोअरने उडाला नाही, लाकडी काडीने खरवडावा लागला. कॅबिनेट कूलरच्या झोतातून बाजूला, जमिनीपासून वीतभर उंच ठेवा. मागच्या बाजूच्या रिकाम्या फटींवर पट्ट्या लावून घ्या, कारण पाल तिथूनच आत शिरते आणि एसएमपीएसमध्ये गेली की शॉर्ट होतो.

वाघूर (भुसावळ)

गोमाईभाऊंनी लाखमोलाचे सांगितले. त्याला एवढीच जोड देतो की खोलीत जेवढे तापमान असेल त्याच्या खाली कोणताही पंखा प्रोसेसरला नेऊ शकत नाही, म्हणून पुढे जाळी असलेले आणि मागे एक पंखा लावलेले कॅबिनेट घ्या. काचेचा बंद दर्शनी भाग आणि रंगीत दिवे यांवर खर्च करू नका. प्रोसेसर कंपनीच्या डब्यातला घ्या, सुटा (ट्रे) नको. डब्यात प्रोसेसरवर बसवायचा कंपनीचा पंखा (कूलर) येतो. प्रत्येक भागाचा अनुक्रमांक लिहिलेले जीएसटीचे पक्के बिल मागा. १८ टक्के वाचतात म्हणून कच्च्या पावतीवर घेतलेला माल वॉरंटीच्या वेळी आपला राहत नाही.

आणि ताई, खरेदीच्या आधी एक काम करा. वायरमनला बोलावून संगणकाच्या जागेचे अर्थिंग मल्टिमीटरने मोजून घ्या. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० च्या आसपास, आणि न्यूट्रल व अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त दिसायला नको. जुन्या यंत्राच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येत होत्या का, हेही आठवून सांगा.

बोरीकाठ (अमळनेर तालुका)

सर्वांचे मनापासून आभार. झिणझिण्या येत होत्या. आम्ही लाकडी पाटावर पाय ठेवून बसत असू आणि ते नेहमीचेच समजत असू.

काल वायरमन येऊन गेले. न्यूट्रल आणि अर्थमध्ये ६० च्या वर आकडा दाखवत होता आणि तो स्थिरही राहत नव्हता. त्यांनी बोर्ड उघडला, तेव्हा तीन पिनच्या सॉकेटमागची हिरवी वायर वीतभर जाऊन भिंतीतच संपलेली निघाली. ती पुढे कशालाच जोडलेली नव्हती. घर बांधले तेव्हापासून, म्हणजे चौदा वर्षे, ती तशीच होती. उद्या अंगणात खड्डा घेऊन नवे अर्थिंग करायचे ठरले आहे.

लळिंग सरांचा पर्याय मोहात पाडणारा होता, पण एसएमपीएसचा मुद्दा पटल्यामुळे आय३-१२१००, एच६१० बोर्ड, ८ जीबीची एक पट्टी, ५०० जीबी एसएसडी, प्रमाणित एसएमपीएस आणि ६०० व्हीएचा युपीएस अशी यादी केली आहे. अर्थिंगचा खर्च निघाल्याने मॉनिटरसाठी रक्कम कमी पडते. तो जुना घ्यावा, की दुसरे काही कमी करावे?

वाघूर (भुसावळ)

जुना फुल एचडी मॉनिटर चालेल, फक्त तो दुकानात अर्धा तास चालू ठेवून, पांढऱ्या आणि काळ्या पडद्यावर डाग व रेषा पाहून मग घ्या. युपीएस आणि एसएमपीएस यांतले काहीही कमी करू नका. पत्र्यावरच्या झिणझिण्यांचे कारणही लिहून ठेवतो, म्हणजे घरात सर्वांना सांगता येईल : एसएमपीएसच्या आत विजेतील गोंगाट गाळणारे कपॅसिटर असतात, ते थोडासा प्रवाह अर्थच्या वायरीकडे सोडतात. अर्थच नसेल तर तो पत्र्यावर साचतो आणि पत्र्यावर साधारण निम्मा दाब, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास राहतो. प्रवाह अगदी कमी असल्याने सहसा अपाय होत नाही, परंतु आतला एखादा भाग बिघडून पूर्ण फेज पत्र्यावर आली, तर तिला जायला वाट त्या हिरव्या वायरीचीच असते. खड्ड्याला उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा बादलीभर पाणी घाला, आणि काम झाल्यावर पुन्हा मोजून आकडा इथे कळवा.

बोरीकाठ (अमळनेर तालुका)

आज संध्याकाळी मोटारी सुरू असताना मोजले. फेज-न्यूट्रल १९२, न्यूट्रल-अर्थ १.८. रविवारी जळगावला जाऊन खरेदी करणार आहोत.